अस्वलमावशीचा घसा

एक चप्पल काढून झाली होती, दुसरी काढायची होती, तेवढ्यात आतल्या खोलीतून तिचाच आवाज आला, "तुला मरावंसं वाटतंय का?" बसका, खालच्या पट्टीतला, जराही न हलणारा आवाज. ती दारातच थांबली. एक पाय चपलेत, एक फरशीवर, किल्ली अजून कुलपात लोंबत होती. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकण्याची तिला सवय होती. त्यावर तर पोट चालत होतं. शहरातल्या निम्म्या लिफ्टमधून ती "दरवाजा बंद होत आहे" म्हणून सांगायची, बँकेच्या फोनवर लोकांना गोड बोलून ताटकळत ठेवायची, कार्टूनमधल्या एका आगाऊ खारीच्या तोंडून भांडायची. एकदा दातांच्या दवाखान्यात ती आ वासून खुर्चीत पडली होती आणि समोरच्या टीव्हीवर तिचाच आवाज टूथपेस्ट विकत होता, तेव्हा तिला इतकं हसू आलं की डॉक्टरांना हातातलं हत्यार बाजूला ठेवावं लागलं. आज हसू आलं नाही. आजचं वाक्य तिच्या घरात, मिठूच्या बंद दाराआड बोललं गेलं होतं. आणि हेच एक वाक्य मिठूला विचारायला तिची जीभ गेले कित्येक दिवस रेटत नव्हती.

आजचं रेकॉर्डिंग ऐनवेळी रद्द झालं म्हणून ती भर दुपारी घरी आली होती. ती या वेळी घरी नसते, हे मिठूच्या हिशेबात असणार. घरात दोघीच. मिठूचा बाप दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात, वाढदिवसाला फोन करण्यापुरता. मिठू हे लहानपणचं नाव, कारण पोरगी पोपटासारखी सगळ्यांचे आवाज काढायची, आईचे तर सगळेच. खार घरात दोघींची होती. जेवताना आई खार व्हायची आणि मिठू तिला उलट उत्तर देणारी दुसरी खार. ते कधी बंद पडलं, ते काही केल्या तिला आठवत नसे. आठवायची ती नंतरची मिठू. कॉलेजातून उशिरा येणारी, डोळे जड, बोलणं सावकाश, "दमलेय गं" म्हणून खोलीत जाणारी. आपल्यालाही तेव्हा ती दमलीय असंच वाटलं होतं. दुसऱ्याचा आवाज कानात पडला की तो कुठं अडखळला हे जिला नेमकं कळतं, तिला स्वतःच्या मुलीची जीभ जड झालेली कळली नाही, की कळूनही तिनं कानाडोळा केला? हा प्रश्न ती स्वतःला रोज विचारायची आणि उत्तर यायच्या आत उठून काहीतरी काम काढायची.

व्यसनमुक्ती केंद्रातून मिठूला घरी सोडलं, तेव्हा तिथल्या समुपदेशिकेनं तिच्या फोनवर एक गेम टाकून दिला होता. "अजून चाचणीवरच आहे हा, पण आमची मुलं खेळतात," ती म्हणाली होती. गेममध्ये एक जंगल होतं, संध्याकाळ होती, एक नदी होती. तलफ आली, किंवा त्याहून वाईट काही मनात आलं, की गेम उघडायचा. नदीला पूर यायचा. पार करायची नाही, पोहायचं नाही, नुसतं काठावर अस्वलमावशीजवळ बसायचं, शेकोटीत काटक्या घालत राहायच्या. पाणी चढायचं, चढायचं आणि मग उतरायचं. उतरायचंच. तोवर अस्वलमावशी बोलायची, विचारायची, गप्प बसायची. आणि शेवटी मिठूनं एका खऱ्या माणसाला फोन करावा म्हणून तिच्या मागे लागायची. समुपदेशिका हे सगळं समजावून सांगत होती आणि ती मिठूशेजारी बसून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावत होती. 'ते अस्वल मीच आहे हो,' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग स्टुडिओत कळलं असतं की हिची मुलगी इथं होती. स्टुडिओतल्या लोकांना मुलगी ठाऊक नव्हती, केंद्रातल्या लोकांना अस्वल ठाऊक नव्हतं, आणि नातेवाइकांच्या लेखी मिठू बाहेरगावी कसलासा कोर्स करत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिच्या मुठीत नुसता घाम होता.

त्या आवाजाची गोष्ट तर तिनं कुणालाच सांगितली नव्हती. रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी तिनं घशाच्या गोळ्यांची पत्र्याची डबी उघडली होती. ही डबी कायम तिच्या पर्समध्ये असे, आवाजवाल्या बाईचं ते शस्त्रच. डबीत वरच्या थरात तिच्या गोळ्या होत्या आणि खाली कागदाच्या घडीत मिठूच्या, नशेच्या. म्हणजे आपली पर्स, आपली डबी, आपल्याच खांद्यावरून ते घरात येत होतं. पहिल्यांदा तिला भीती वाटली नाही, दुःख झालं नाही. अपमान वाटला. आणि त्या अपमानाच्या भरात ती मिठूच्या खोलीत जाऊन ओरडली, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी. जे सुचेल ते. आणि शेवटी, "मर जा एकदाची! सुटू दे मला!" मिठूनं फक्त हातातली उशी हळूच बाजूला ठेवली, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी. ती उशी ठेवण्याची रीत आईला नंतर दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या पुन्हा पुन्हा दिसत राहिली. कारण त्यानंतरच्या आठवड्यात मिठूला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथून केंद्रात. वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. 'वेळेवर' हा शब्द ऐकून तिला तोंड लपवावंसं वाटलं होतं.

पण ते पुढचं. ओरडल्याच्या दुसऱ्या सकाळी तर ती नेहमीसारखी तयार होऊन स्टुडिओत गेली होती. घसा पार फाटला होता. काम हातचं जाणार म्हणून ती वरमून सांगायला लागली, सर्दी आहे, उद्या येते. काचेपलीकडून दिग्दर्शक ताडकन उठला. "नाही नाही मॅडम, हाच! हाच आवाज पाहिजे! हिनं आयुष्यात बरंच सोसलंय असं वाटतं बघा." पोरसवदा, दाढीवाला, मनानं चांगला मुलगा. तो म्हणायचा, "कीव नको मॅडम. कीव ऐकू आली की पोरं फोन खिशात घालतात. आणि घाबरू पण नका. साधं विचारायचं, पाणी पाहिजे का विचारतो तसं." हेडफोन लावून, तोंडासमोर ती काळी जाळी घेऊन ती विचारायला लागली. तुला मरावंसं वाटतंय का? "थोडं हळू." तुला मरावंसं वाटतंय का? "शेवटी आवाज पडतोय." पुन्हा. पुन्हा. शेवटी असा टेक झाला की काचेपलीकडे दिग्दर्शकानं डोळे पुसले आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या जवळपास कुणी आहे का असं? म्हणजे, इतकं आतून आलं..." आणि ती लगेच म्हणाली, "छे हो! माझ्या घरात कुठलं." इतक्या सफाईनं तिनं आयुष्यात एकही वाक्य पहिल्या टेकमध्ये दिलं नव्हतं. तेव्हा मिठू घरी होती, जिवंत होती, खोलीचं दार लावून बसली होती, आणि तिची आई स्टुडिओत तिला नाकारत होती.

कामाच्या शेवटी नेहमीप्रमाणे खोलीची शांतता रेकॉर्ड केली. हे बाहेरच्या माणसांना खरं वाटत नाही, पण शांतताही रेकॉर्ड करावी लागते. प्रत्येक खोलीचं गप्प असणं वेगळं असतं. दोन वाक्यांमध्ये दुसऱ्या खोलीचं गप्प बसणं घातलं तर कान फसत नाहीत. म्हणून सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायचं, कुणी खाकरायचं नाही, कपडा सरकवायचा नाही. ती माईकसमोर उभी राहिली. आणि त्या शांततेत ती उशी बाजूला ठेवणारा मिठूचा हात समोर आला. डोळ्यांत आलेलं पाणी नाकातून आत ओढत ती उभी राहिली. दिग्दर्शक म्हणाला, "तुमचा श्वास आलाय मॅडम, पण राहू द्या. अस्वल शेजारी बसलंय असं वाटतं."

पुढची रेकॉर्डिंगं झाली तोवर मिठू केंद्रात होती आणि घसा बरा झाला होता. आता आली का पंचाईत! आवाज जुळला पाहिजे, नाहीतर अस्वल एका वाक्यात म्हातारं आणि दुसऱ्यात तरुण. धंद्यातल्या युक्त्या तिला ठाऊक होत्या, घसा कोरडा ठेव, खालून बोल. पण तो फाटलेपणा येईना. मग एका सकाळी, घर रिकामं असताना, तिनं उशीत तोंड खुपसून ओरडून पाहिलं. नुसतं ओरडून जमलं नाही. गाणं ओरडलं, शिव्या ओरडल्या, खारीची वाक्यं ओरडली. घसा बसायचा, पण तसा नाही. तसा बसायला तेच वाक्य लागलं. मर जा एकदाची. सुटू दे मला. मुलगी केंद्रात, आणि आई तिच्याच पलंगावर गुडघे टेकून, तिच्याच उशीत हे ओरडतेय, कशासाठी, तर आवाजाच्या जुळणीसाठी. मग तोंड धुऊन ती स्टुडिओत जायची आणि म्हणायची, "तू असलीस की या काठावर बरं वाटतं गं." वाहवा व्हायची. गेममध्ये जितकी म्हणून माया होती, ती सगळी अशी निघाली होती. हे तिला माणसांसमोर नव्हे, आरशासमोरही उच्चारता येत नव्हतं.

"स्पष्ट विचारा," समुपदेशिकेनं बजावलं होतं. "शब्दाला घाबरू नका. विचारल्यानं मनात नसलेलं येत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचं बरं वाटतं." तेव्हापासून तिला आपल्याच बोलण्याची धास्ती बसली. मरू दे ते, मरणाचं ऊन आहे, मेली ती लिफ्ट पुन्हा बंद, काम करून करून जीव गेला. उठता बसता आपण मरणाला किती सहज हाक मारतो! आता ती वाक्य निम्म्यात गिळायची. भाजीवाल्यालाही "मरू..." म्हणून "राहू दे" म्हणायची. घरात तर असे शब्द गिळून गिळून उरलं काय, तर जेवलीस का, चहा ठेवू का, पंखा लावू का. मिठू हो म्हणायची, नाही म्हणायची. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागत होत्या. रोज संध्याकाळी ती ठरवायची, आज विचारायचंच. दारापर्यंत जायची. आणि विचारायची, "उद्या डब्याला काय करू?"

आणि आत्ता आतून अस्वलमावशी गप्प होती. उत्तर मिळेपर्यंत ती गप्पच बसते, मध्ये एकदा पुन्हा विचारण्यापुरती बोलते, तिची रचनाच तशी. ती शांतता दाराच्या फटीतून येत होती, त्या स्टुडिओची, त्या सकाळची. शेवटी जरासा अडकणारा श्वास. तिला स्वतःचा तो श्वास सहन होईना. मग अस्वलानं पुन्हा विचारलं, अजून हळू, "तुला मरावंसं वाटतंय का गं?" मिठू काय दाबते? हो की नाही? दोन्हींची पुढची वाक्यं तिनंच बोलून ठेवली होती. तिला दोन्ही तोंडपाठ होती, पण दारापलीकडे कुठलं वाजणार ते तिला माहीत नव्हतं. ती उंबरठ्यावरच कान लावून उभी राहिली, चोरासारखी, आपल्याच आवाजाची वाट बघत.

"आई," आतून मिठू म्हणाली, "किल्ली काढ दारातली. केव्हाची वाजतेय. आणि आत ये."

मिठू पलंगाला टेकून खाली फरशीवर बसली होती. फोन गुडघ्यावर. छोट्या पडद्यावर शेकोटी, शेकोटीशेजारी अस्वलाची गोल पाठ आणि नदी, काठोकाठ. म्हणजे पूर चढलेला होता.

"तुला कळलं होतं?" तिनं विचारलं.

"काय, हे अस्वल? आई, तुला सर्दी झालेली असताना केलेली लिफ्ट पण मला ओळखू येते. पहिल्याच दिवशी 'ये, बस' म्हणाली आणि मी फोन पलंगाखाली भिरकावला."

"मग?"

"मग काढला." मिठूनं गुडघा हलवला, अस्वल जरासं डुललं. "डबीच्या दुसऱ्या दिवशीचा आवाज आहे ना हा?"

खोटं बोलायला जागा होती. सर्दी होती, असं म्हणता आलं असतं, एकदा खपलंही होतं. "हो," ती म्हणाली.

"वाटलंच. घसा तसाच बसलाय." मिठूनं हे रागानं म्हटलं नाही, त्यामुळे ते ऐकणं जास्त जड गेलं. "ती बोलते ना, ते मला फारसं पटत नाही. कुणीतरी लिहून दिलेलं वाटतं. गप्प बसते ते आवडतं. तू श्वास घेतेस आणि शेवटी अडकतो. तुला रडायचं नसलं की अडकतो तसा. मी नुसतं तेच ऐकत बसते. उत्तर देतच नाही, म्हणजे ती गप्प राहते."

पोरगी पुराच्या काठावर बसून आपल्या शरमेचा श्वास ऐकत होती, आणि त्यालाच धरून होती. सगळं सांगून टाकावं, असा लोंढा आतून आला. उशी, ते ओरडणं, ती जुळणी, 'माझ्या घरात कुठलं'. पाय धरावेत. पण ओठांवर आलेलं सगळं 'मी' पासून सुरू होत होतं. आपण सांगून मोकळ्या होऊ आणि ऐकायला पुन्हा मिठूच. ते नंतर, कधीतरी, तिला झेपेल तेव्हा. आत्ता नदी भरलेली होती. आत्ता एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते तिला तोंडपाठ होतं.

"तुला मरावंसं..."

"तिच्या आवाजात नको," मिठू पटकन म्हणाली.

खरंच, घसा आपोआप खाली गेला होता, हुकमी, बसका. तिनं खाकरून पुन्हा सुरुवात केली. या वेळी शब्द स्वच्छ, सुटे सुटे, गोड आले. मिठूच्या ओठाचा कोपरा हलला. "हा लिफ्टचा."

तिला हसू आलं आणि त्याबरोबर सगळं निसटलं. छातीवरची पकड, पट्टी, श्वास कुठं घ्यायचा ते. जो आवाज बाहेर पडला तो बारीक होता, चिरका होता, मध्येच फुटला. कुठल्याही स्टुडिओत पहिल्या शब्दाला थांबवला असता. "मिठू, तुला मरावंसं वाटतंय का?"

मिठूनं फोन फरशीवर पालथा घातला.

"आत्ता?"

"आत्ता."

"हो," मिठू म्हणाली. "सकाळपासून."

'हो'च्या पुढची वाक्यं तिला ठाऊक होती. किती सुंदर म्हटली होती तिनं ती! एकही आठवेना. ती खाली बसली, मिठूच्या शेजारी, पलंगाला टेकून. खोली गप्प होती. रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. तिचा श्वास शेवटी अडकला आणि तिनं तो अडकू दिला.

"एक चप्पल पायात आहे तुझ्या," मिठू म्हणाली.

"असू दे."

थोड्या वेळानं मिठूनं हळूच घसा खाली नेला आणि हुबेहूब अस्वलमावशीच्या आवाजात म्हणाली, "सांगितलंस, बरं केलंस." मग आपल्या आवाजात, "तिथं हे वाक्य आहे. विसरलीस?"

"सांगितलंस," ती म्हणाली, आणि पुढचं काही घशातून निघेना. मिठू थांबली. घाई केली नाही, पुन्हा सुचवलं नाही, नुसती शेजारी बसून राहिली. "बरं केलंस, बाळा. फार बरं केलंस."

"मग ती म्हणते, आता आणखी एका माणसाला सांगूया."

"सांगूया."

"तू लाव फोन. माझ्याच्यानं नाही होणार."

तिनं एका हातात मिठूचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं आपल्या फोनवरून समुपदेशिकेला फोन लावला. पलीकडे घंटी वाजत असताना काय बोलायचं याची जुळवाजुळव तिनं केली नाही. फोन उचलला गेला.

"हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?" समुपदेशिकेला आवाज ओळखू येत नव्हता.

"मी मिठूची आई," ती म्हणाली. "मिठू माझ्याजवळच बसलीय."